दुसऱ्याने बघायची गाठ

बडोद्यात डोंगर नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी म्हणालं तर नुसती मान डोलावते. नातेवाईक म्हणतात, बँकेतला माणूस म्हणतो, दातांचा डॉक्टर माझ्या तोंडात नळी अडकवून म्हणतो, म्हणजे मला उत्तरही देता येऊ नये. गिर्यारोहणाचा क्लब, आणि तोही बडोद्यात? पूर्वी मी समजावत बसायचे. तासाभरावर पावागढ आहे, त्याच्या मागच्या अंगाला लालसर कातळ आहे, तिथे आम्ही चढतो. मग समोरचा म्हणायचा, पावागढला तर रोपवे आहे ने, चढायचं कशाला? आता मी दमलेय. नाही डोंगर, म्हणते, आणि विषय संपवते.

क्लब सरांनी सुरू केला. सर जुन्नरकडचे. तरुणपणी कोयलीला रिफायनरीत नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि पहिलं वर्षभर त्यांना सारखं काहीतरी घरी विसरून आल्यासारखं वाटायचं. मान वर केली की नुसतं आभाळ. गावी अंगणात दात घासायला उभं राहिलं की समोर किल्ला असायचा. शेवटी त्यांनी आपल्या शिफ्टमधले चार-पाच जण गोळा केले आणि एका रविवारी सगळ्यांना पावागढला नेलं. त्यातले दोघे पुन्हा कधी आले नाहीत. उरलेल्यांचा क्लब झाला.

आम्ही मूळचे बडोद्याचेच. पणजोबा राजाच्या पागेत होते आणि त्यांच्यानंतर आमच्या घरात कुणी घोड्यावर काय, सायकलवरही धड बसलं नाही. मी कॉलेजात असताना मैत्रिणीच्या नादाने क्लबात गेले. मैत्रीण महिन्याभरात सुटली, मी अडकले. तरसालीच्या पुढे एक बंद पडलेली पाण्याची टाकी होती, तिच्या दगडी भिंतीवर रविवारी सकाळी सराव चालायचा. आई म्हणायची, मुलीची जात, आणि टाक्यांवर चढतेस, लोक काय म्हणतील? लोक काही म्हणाले नाहीत. लोकांना वाटायचं, आम्ही पाणीपुरवठ्याचे आहोत.

तेव्हा क्लब लागायचाच. एकट्याने डोंगर चढायचा म्हटलं तरी सामान कुठून आणणार? दोर, तंबू, बूट, काहीच बडोद्यात मिळत नसे आणि जिथे मिळे तिथे आम्हाला परवडत नसे. म्हणून सगळं सामाईक. एक दोर पंधरा जणांचा, बुटांचे जोड तर अशा मापांचे की कुणालाच नीट बसायचे नाहीत. हिमालयात जायचं तर परवानगीची पत्रं क्लबाच्या नावाने जायची, रजेचे अर्ज क्लबाच्या नावाने. मी दोनदा हिमालयात गेले ती क्लबामुळे. एकदा शिखरावर पोचले, एकदा तंबूत बसून पोट धरून परत आले. दोन्ही वेळा खूप सुखात होते.

आणि क्लबाचा एक नियम होता. तो मी नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

चढणाऱ्याच्या कमरेला हार्नेस, म्हणजे मजबूत पट्ट्यांचा कमरबंद, असतो, आणि दोर त्या हार्नेसला आठाच्या गाठीने बांधतात. आधी दोरात आठाचा आकडा करायचा, मग टोक हार्नेसमधून ओवायचं आणि आठाच्या त्याच वाटेने परत आणायचं. गाठ झाली की सगळीकडे दोन-दोन पदर शेजारी शेजारी दिसले पाहिजेत. आपली गाठ आपण बांधायची आणि ती दुसऱ्याने बघायची. नुसती नजर टाकायची नाही, अंगठ्याने पदर मोजत जायचं आणि शेवटी एक हिसडा द्यायचा. हे सगळ्या जगात करतात. आमच्या सरांनी त्याला एक शेपूट जोडलं होतं. गाठ चुकलेली दिसली, तर बघणाऱ्याने ती दुरुस्त करायची नाही. चुकली असंही म्हणायचं नाही. बांधणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. ज्याच्या खांद्यावर हात आला त्याने काही न बोलता हार्नेस सोडायचा, खाली चुलीपाशी जायचं आणि उरलेला दिवस सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायला मोकळा. त्यावर कुणी काही बोलायचं नाही, चेष्टा करायची नाही, सॉरी म्हणायचं नाही.

मी माझ्या पहिल्याच शिबिरात चुलीपाशी बसले. हात सरांनीच ठेवला होता. दिवसभर रडत खिचडी ढवळली आणि रागाने तीत मिरची जास्त घातली. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली. सरांनी तर दुसऱ्यांदा मागून घेतली. सरांचा जिवलग मित्र, ज्याच्यासोबत क्लब काढला, तोही एकदा असाच खाली पाठवला गेला. तो मात्र चुलीपाशी न जाता बस पकडून घरी गेला आणि पुन्हा आला नाही. सरांना त्याचं किती लागलं ते काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला खूप वर्षांनी सांगितलं. नियम मात्र बदलला नाही.

आता क्लबाची मंत्री, इकडे सेक्रेटरीला मंत्रीच म्हणतात, मी आहे. म्हणजे दुसरं कुणी व्हायला तयार नाही. नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मुलाचं कॅनडाला जाणं, हे सगळं होऊन उरलेल्या वेळात मी दोर धुते. खरंच धुते. पावसाळा संपला की सगळे दोर बादलीत बुचकळायचे आणि सावलीत वाळवायचे असतात. पूर्वी हे काम करायला रांग लागायची. आता रविवारी सहा जण आले तर मला बरं वाटतं, आणि त्या सहातल्या दोघांना सेवउसळ खायला जायची घाई असते. ट्रेक विकणाऱ्या कंपन्या झाल्यात. फोनवर बोट दाबलं की तंबू, जेवण, फोटो काढणारा, सगळं मिळतं. वर जाऊन येतात आणि बरोबर कोण होतं त्याचं नावसुद्धा माहीत नसतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्या मुलाने तेच केलं असतं. पण कुणी विचारलं, ताई, आता क्लब कशाला हवा, तर माझ्याकडे पटकन उत्तर नसतं.

एकदा होतं. विश्वामित्रीला मोठा पूर आला तेव्हा आमच्या मागच्या सोसायटीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, आणि त्या पाण्यात मगरी. त्या वेळी आमच्या पोरांनी दोन गच्च्यांच्या मध्ये दोर बांधून म्हाताऱ्या माणसांना आणि एका बाळंतिणीला पलीकडे आणलं. गाठी बांधल्या त्या आमच्याच, आणि प्रत्येक गाठ दुसऱ्याने बघितली, त्या गडबडीतसुद्धा. मी गच्चीवर उभी राहून हे बघत होते आणि मला वाटलं, ठीक आहे, एवढ्यासाठी दोर धुवायला हरकत नाही. पण पूर रोज येत नाही, आणि दोर दरवर्षी धुवावे लागतात.

सरांच्या हातात काहीतरी बिघडलंय हे सगळ्यात आधी क्लबातल्या एका मुलीच्या लक्षात आलं. ती डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरी गुजराती, आमच्यात राहून मराठी चांगली बोलते. ती मला एका रविवारी बाजूला घेऊन म्हणाली की सर दोर गुंडाळताना मध्येच थांबतात आणि हातातल्या दोराकडे बघत राहतात. मी म्हटलं, बहात्तरी ओलांडली आहे, थांबणारच. मग तिने जे सांगितलं ते मी तिला दोनदा सांगायला लावलं. गेले काही महिने सर आठाची गाठ अर्धीच बांधत होते. टोक हार्नेसमधून ओवायचे, अर्ध्या वाटेने परत आणायचे आणि तिथेच सोडून द्यायचे. बाहेरून गाठ भरलेली दिसायची. भार आला असता तर सरकन सुटली असती. आणि पोरं ती गाठ गुपचूप नीट करत होती. कुणीतरी हार्नेसचा पट्टा घट्ट करायचं निमित्त करायचं, वाकायचं आणि टोक पुढे ओवून टाकायचं. सरांच्या खांद्यावर हात ठेवायची एकाचीही हिंमत झाली नाही.

मला आधी राग आला. एवढी वर्षं ज्या नियमावर हा क्लब उभा आहे, तो पोरांनी प्रेमापोटी मोडीत काढला होता, आणि ज्याने नियम केला त्याच्याच बाबतीत. ती मुलगी म्हणाली, "ताई, ते सर आहेत. त्यांच्या खांद्यावर आम्ही कसा हात ठेवणार?"

कमिटीची बैठक झाली. कमिटी म्हणजे आम्ही चौघं, त्यातला एक सतत फोनवर. ठरलं ते असं, की जानेवारीच्या शिबिरात सरांनी पहिलं चढायचं नाही. आमच्या शिबिराची सुरुवात कायम सरांनीच व्हायची. पहिला माणूस वर जाऊन दोर लावतो, आणि मग बाकीचे त्या दोरावर चढतात. पहिल्याला वरून आधार नसतो, म्हणून त्याची गाठ सगळ्यात जपायची. शिबिराच्या पहिल्या, सोप्या वाटेवर सर अजूनही झपाझप चढत. पाय शाबूत होते. पण त्यांना सांगायला हवं होतं, आणि सांगायचं कुणी, तर मी. माझं ते ऐकतात म्हणे. हे वाक्य घरात आणि ऑफिसात मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं तरी माझी पाठ दुखते.

मी तरसालीला त्यांच्या घरी गेले. क्लबाचं सामान त्यांच्याच गॅरेजात असतं, त्यामुळे जायला निमित्त लागत नाही. सर झोपले होते. काकू ओट्याशी भाजी चिरत होत्या. मी काही बोलायच्या आत काकूंनीच विषय काढला. हे हल्ली गॅस सुरू करून विसरतात, शर्टाची बटणं वरखाली लावतात, परवा भाजी घ्यायला गेले ते भलत्याच सोसायटीत जाऊन बसले. मग सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, पण पावागढाहून आले की आठवडाभर कसे स्वच्छ असतात. पूर्वीसारखे. मी वर्षभर त्या आठवड्याची वाट बघते. तू ह्यांना वरून उतरवू नकोस हां."

काकू आयुष्यभर त्या पावागढला नावं ठेवत आल्या होत्या. शिबिराहून आलं की सरांच्या पँटच्या गुडघ्यांना लाल माती घासलेली असायची, ती कशानेच जायची नाही. साबण झाला, लिंबू झालं, काकू मोरीत बसून ब्रशने घासत घासत साऱ्या क्लबाचा उद्धार करायच्या. त्याच काकू आता हे म्हणत होत्या. मी लीली चा, म्हणजे गवती चहा, घातलेला चहा प्यायले आणि सरांना काही न सांगता घरी आले. पुढे अजून एकदोनदा गेले. दरवेळी सर दोरांबद्दल बोलत बसायचे, अगदी मुद्द्याचं बोलायचे, आणि मला वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू. असं करता करता शिबिराचा दिवस उजाडला.

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला जोडून आमचं शिबिर असतं. पतंगांची उत्तरायण उरकलेली असते, पोरांच्या बोटांवरचे मांज्याचे कापे भरत आलेले असतात, थंडी बेताची असते. आम्ही बारा जण होतो. सकाळी कातळाखाली पोचलो, ताडपत्री पसरली, चूल मांडली. सर हिरव्या स्वेटरात होते आणि खूश होते. त्यांनी कातळाला हात लावला, दरवर्षी लावतात तसा, आणि हार्नेस चढवायला लागले. कमिटीतले तिघंही माझ्याकडे बघत होते. मी खाली बुटाची नाडी बांधत बसले.

सरांनी दोराचं टोक घेतलं. आठ केला. टोक ओवलं. अर्ध्या वाटेने परत आणलं. थांबले. मग जसं काही सगळं झालंय तसे हात झटकले आणि म्हणाले, "चलो, कोण बघतंय?"

ती डॉक्टर मुलगी पट्टा नीट करायला पुढे सरकलीच होती. मी तिला हाताने अडवलं आणि सरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांच्या कमरेशी वाकले, अंगठ्याने पदर मोजत गेले. दोन पदर, दोन पदर, आणि मग एकच. मला खरंच वाटत होतं की माझं चुकलं असावं. मी पहिल्यापासून पुन्हा मोजले. तिथे एकच पदर होता. मला त्या क्षणी त्या कमिटीचा, काकूंचा, क्लबाचा, सगळ्यांचा भयंकर राग आला. हे मीच का करायचं? मी कधीतरी नुसती चढायला आले होते. मी उभी राहिले आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घालून गाठीकडे पाहिलं. नंतर हार्नेसचं बक्कल सोडायला लागले. ते सुटेना. बोटं सरकत होती, पट्टा उलट्या बाजूला ओढला जात होता. आम्ही अकरा जण उभे होतो आणि एकही पुढे झाला नाही, कारण नियम तसा होता. शेवटी ते सुटलं. सरांनी हार्नेस घडी करून माझ्या हातात दिला आणि खाली चुलीकडे गेले. त्या दिवशी दोर वर कुणी लावला, कोण किती चढलं, मला काही सांगता येणार नाही.

दुपारी मी चुलीपाशी गेले तेव्हा सर कढीला फोडणी देत होते. ती डॉक्टर मुलगी मदतीला बसली होती, म्हणजे खरं तर विस्तवावर लक्ष ठेवायला. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी मुद्दाम तशी बांधली होती."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"इतके महिने कुणी ना कुणी माझ्या कमरेशी खुडबुड करतंय. मला कळत नाही का? म्हटलं बघू या, हात ठेवणारं कुणी उरलंय का क्लबात. तू ठेवलास. बराबर केलंस."

माझ्या जिवात जीव आला. हे एवढ्यासाठी सांगते की ती दुपार मी फार सुखात होते. सरांना सगळं कळत होतं, त्यांनी आमचीच परीक्षा घेतली होती, आणि मी पास झाले होते. मी दोन वाट्या कढी प्यायले. मुलीला म्हटलं, बघ, उगाच घाबरवलंस. ती हसली, पण तोंडभर नाही.

संध्याकाळी वारा सुटला. चुलीवर आडोसा म्हणून लावलेली ताडपत्री फडफडायला लागली. सर उठले, म्हणाले, मी बांधतो. ताडपत्रीच्या कोपऱ्याची दोरी त्यांनी झाडाच्या मुळीत ओवली. आठ केला, टोक अर्ध्या वाटेने परत आणलं, तिथेच सोडलं, हात झटकले आणि समाधानाने मागे सरून बघितलं. त्यांना कुणाला काही दाखवायचं नव्हतं. कुणी बघत नाहीये असंच त्यांना वाटत होतं. वाऱ्याच्या पुढच्या झोतात ती गाठ सुटली आणि ताडपत्री भाताच्या पातेल्यावर येऊन पडली. सर तिच्याकडे बघत उभे राहिले. मी पातेल्यावरून ताडपत्री उचलली, आणि आमची नजरानजर झाली. दुपारी ते माझ्याशी खोटं बोलले की त्यांना खरंच तसं वाटत होतं, ते मला अजूनही माहीत नाही. त्या संध्याकाळी मात्र त्यांना सगळं कळलं, एवढं मी नक्की सांगू शकते. मी ती दोरी बांधली. सरांनी विस्तवात उगाचच एक लाकूड सारलं. भातात माती गेली होती, तो आम्ही तसाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे सर चढायला मोकळे होते. त्यांनी सकाळी हार्नेस मागितला असता तर तो मला द्यावा लागला असता, आणि पुन्हा तीच गाठ, पुन्हा तोच हात. मला रात्रभर तेवढ्याचीच धास्ती होती. पण ते रिकाम्या हाताने आले. पहिल्या दोराच्या बुडाशी एक सपाट दगड आहे, त्यावर बसले आणि मला म्हणाले, "ये. आज तू पहिली. बांध, मी बघतो."

मी कधीच पहिली चढले नव्हते. मला चढायचंही नव्हतं, गुडघे आदल्या दिवसापासून कुरकुरत होते. तरी बांधली. सर पुढे झुकले. त्यांचा अंगठा पदरांवरून सरकत गेला, तसाच, जसा माझ्या पहिल्या शिबिरात गेला होता. दोन पदर, दोन पदर, दोन पदर. हिसडा दिला. "बराबर आहे," म्हणाले. हात विसरले होते, पण डोळा अजून विसरला नव्हता. निदान त्या दिवशी तरी. मी मनात म्हटलं, आज बरोबर पाहिलं, पण पुढच्या वर्षी? आणि हे मोठ्याने म्हणायची माझी ताकद नव्हती. खांद्यावर हात एकदा ठेवून झाला होता.

मी कातळाकडे वळणार, तेवढ्यात सरांनी त्या डॉक्टर मुलीला हाक मारली.

"तू इकडे ये. माझ्यानंतर हिची गाठ तू बघ. यापुढे मी बघितलेली गाठ माझ्या मागून अजून एकाने बघायची. गुपचूप नाही हां. माझ्यासमोर."

मुलगी गुडघ्यावर बसली आणि तिने सरांच्या देखत माझी गाठ पुन्हा पहिल्यापासून मोजली. सर तिच्या अंगठ्याकडे लक्ष देऊन बघत होते, एका जागी तिने घाई केली तेव्हा त्यांनी तिला परत मागे नेलं. मग मी चढले. वाईट चढले. दोन ठिकाणी अडकले, एका ठिकाणी चक्क रडले, पण वर जाऊन दोर लावला. खाली पाहिलं तर सर पुढच्या मुलाच्या कमरेशी वाकले होते आणि त्यांच्या शेजारी ती मुलगी आपल्या पाळीची वाट बघत उभी होती.

आता कुणी विचारलं की क्लब कशाला हवा, तर मला ते दृश्य आठवतं. पण ते सांगायला लागले की लांबण लागते, म्हणून मी अजूनही मान डोलावून पुढे जाते.

संध्याकाळी मी सरांना तरसालीला सोडायला गेले. ते वाटेतच गाडीत झोपले होते. काकू दारातच उभ्या होत्या. "कसं झालं?" म्हणाल्या. सर म्हणाले, फक्कड, आणि आत जाऊन पंख्याखाली बसले. मी काकूंच्या हातात त्यांची पिशवी दिली. मला तिथून लवकर निघायचं होतं. काकूंनी पिशवी ओट्यावर ठेवली, नेहमीसारखी शिबिरातली पँट बाहेर काढली आणि मोरीकडे जाता जाता थांबल्या. दिव्याखाली येऊन त्यांनी पँटचे दोन्ही गुडघे उलटसुलट करून बघितले. ते कोरे होते.

काकू माझ्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी पँट झटकली, ओट्यावर पसरून हाताने सारखी केली, आणि न धुताच घडी घालून कपाटात ठेवली.